हरवलेल्या तारखा

(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी)

नववीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर एक प्रश्न लिहिला : '५ ऑक्टोबर १५८२ रोजी रोम शहरात कोणती घटना घडली?' मुलांनी बरीच डोकी खाजवली. एकाने कोणी राजा मेला असेल असे सांगितले, दुसऱ्याने लढाई सुचवली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, काहीच घडले नसेल." तिने ते कंटाळून म्हटले होते, पण उत्तर तिचेच बरोबर होते. त्या दिवशी रोममध्ये काहीही घडले नाही, कारण तो दिवस उगवलाच नाही. गुरुवार, ४ ऑक्टोबरला लोक झोपले आणि सकाळी उठले ते शुक्रवार, १५ ऑक्टोबरला. मधल्या दहा तारखा कोणाच्याच वाट्याला आल्या नाहीत.

'तारीख' हा शब्द आपण अरबीतून घेतला. उर्दूत आणि फारसीत 'तारीख' म्हणजे दिवसाचा आकडाही आणि इतिहासही. मराठीने इतिहासासाठी 'तवारीख' वेगळा ठेवला आणि 'तारीख' कोर्टकचेरीला व कॅलेंडरला देऊन टाकली. पण हे दोन अर्थ मुळात एकाच शब्दात राहत होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण तारीख सूर्याने लिहून दिलेली नसते. ती माणसांनी आपापसांत ठरवलेली असते, आणि ठरवणाऱ्यांचे भांडण झाले की इतिहासच मागेपुढे सरकतो. हे कसे घडते, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

मूळ दोष फक्त अकरा मिनिटांचा होता. ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व ४६ मध्ये रोमची कालगणना दुरुस्त करायला घेतली, तेव्हा तिची अवस्था दयनीय होती. अधिक महिना केव्हा घालायचा हे रोमचे धर्माधिकारी ठरवीत, आणि अधिकारावर आपला माणूस असला की वर्ष लांबवायचे, विरोधक असला की आखडते घ्यायचे, असा प्रकार चाले. सीझरने अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस नावाच्या ज्योतिर्विदाचा सल्ला घेतला आणि गाडी रुळावर आणण्यासाठी ते एक वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे केले. पुढे वर्ष ३६५ दिवसांचे आणि दर चौथे ३६६ चे, असा सोपा नियम घातला. म्हणजे वर्ष धरले सव्वातीनशे पासष्ट नव्हे, तर ३६५ दिवस आणि ६ तासांचे. प्रत्यक्षात सूर्याचे वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे चहा पिण्याचा वेळ. पण १२८ वर्षांत त्यांचा एक पुरा दिवस होतो. इ. स. ३२५ मध्ये वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चला येत होता. सोळाव्या शतकापर्यंत तो ११ मार्चवर येऊन ठेपला. ईस्टरचा सण या संपातावरून ठरतो, म्हणून सणच सरकू लागला.

हे युरोपला फार उशिरा टोचले. रक्का येथे वेध घेणाऱ्या अल-बत्तानीने त्याच्या सहा-साडेसहाशे वर्षे आधी वर्षाची लांबी ३६५ दिवस, ५ तास, ४६ मिनिटे, २४ सेकंद अशी काढली होती. ती खऱ्या मापापासून अवघी अडीच मिनिटे दूर आहे. इस्फहानच्या वेधशाळेत मलिकशहा सुलतानाच्या पदरी ज्योतिर्विदांचा जो मेळा होता, त्यात उमर खय्याम होता. रुबायांचा कवी म्हणून जग ज्याला ओळखते तोच हा. त्यांनी १०७९ मध्ये 'जलाली' सन सुरू केला आणि नववर्षाचा दिवस प्रत्यक्ष संपातावरूनच धरला. इराणमध्ये नवरोज आजही संपाताच्या क्षणावरून ठरतो.

रोममध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जी समिती नेमली, तिला लुइजी लिलिओ या वैद्याची योजना पसंत पडली. बिचारा लिलिओ १५७६ मध्येच वारला. योजना त्याच्या भावाने पुढे मांडली. क्लाव्हियस नावाच्या गणिती पाद्र्याने ती तडीस नेली. याच समितीत मार्दिनकडून आलेला इग्नाती नियमतुल्ला नावाचा सिरियन ख्रिस्ती धर्मगुरूही होता. अरबी ज्योतिषाची त्याला चांगली माहिती होती आणि अरबी हस्तलिखितांचा साठा तो बरोबर घेऊन आला होता. पाठ्यपुस्तकात याचे नाव येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले. समितीने दहा दिवस गाळले आणि पुढच्यासाठी नियम केला की शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच ते लीप. म्हणून १७००, १८०० आणि १९०० ही लीप वर्षे नव्हती. १६०० आणि २००० होती.

स्पेनमधील प्रसिद्ध साध्वी, आव्हिलाची तेरेसा, नेमकी त्याच रात्री वारली. ४ ऑक्टोबरच्या रात्री देह ठेवला आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला! तिचा स्मृतिदिन १५ ऑक्टोबरला पाळतात.

आता खरी गंमत पुढे आहे. पोपने हुकूम काढला तो स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि बराचसा इटली यांनी लगेच मानला. पण ज्यांनी पोपशी धर्माच्या कारणावरून फारकत घेतली होती, ते कसे मानणार? गणित बरोबर आहे हे कळत असूनही केवळ सांगणारा माणूस नको म्हणून इंग्लंड १७० वर्षे अडून बसले. एका किनाऱ्यावर महिन्याची पहिली तारीख, तर खाडी ओलांडली की अकरावी, असा कारभार चालू राहिला. त्यात इंग्रजांचे सरकारी वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू होई.

या दुहेरी गणनेने इतिहासाच्या पुस्तकांत काही गोड गैरसमज पेरून ठेवले आहेत. गॅलिलिओ ज्या वर्षी मेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, जणू एकाच्या हातची मशाल दुसऱ्याने घेतली, असे विज्ञानाच्या तासाला मोठ्या आवडीने सांगितले जाते. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला वारला, ही इटलीची नवी तारीख. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, ही इंग्लंडची जुनी तारीख. दोघांना एकाच मापाने मोजा. न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो आणि मशाल विझते. तसेच शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्व्हांटिस यांचे. दोघांचीही तारीख २३ एप्रिल १६१६ दिली जाते आणि युनेस्कोने जागतिक पुस्तक दिन त्याच तारखेला ठेवला आहे. प्रत्यक्षात शेक्सपिअर दहा दिवस मागून गेला, आणि सर्व्हांटिसचा मृत्यू २२ तारखेला होऊन २३ ला दफन झाले असे अभ्यासक मानतात. पुस्तक दिन जरूर साजरा करावा. पुस्तके काही तारखेवर रुसत नाहीत.

इंग्लंडने अखेर १७५२ मध्ये मान तुकवली. तोपर्यंत फरक अकरा दिवसांचा झाला होता. बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला. 'आमचे अकरा दिवस परत द्या' असे ओरडत लोकांनी दंगली केल्या, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापली आहे. अशा दंगलींचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. होगार्थ या चित्रकाराने निवडणुकीवर थट्टा करणारे एक चित्र काढले, त्यात ती घोषणा आहे. त्या चित्रातून ती इतिहासात शिरली. आपण मात्र अडाणी लोक आपले आयुष्य अकरा दिवसांनी घटले म्हणून रडले, असे सांगून हसत बसतो.

मला त्या कायद्यातील कलमे त्या दंगलीपेक्षा जास्त बोलकी वाटतात. ज्याचे भाडे, कर्ज किंवा करार एखाद्या तारखेला फिटायचा होता, तो तितकेच खरे दिवस भरल्यावर फिटेल, असे त्यात लिहिले होते. तारीख उडी मारील, पण माणसाच्या खिशातून अकरा दिवसांचे भाडे उडणार नाही. कोणी वयात येणार असेल तर तोही अकरा दिवस आधी वयात येणार नाही, अशीही तरतूद केली. खजिन्यानेही आपले दिवस सोडले नाहीत. जुना २५ मार्च अकरा दिवस पुढे नेऊन ५ एप्रिल केला, पुढे १८०० च्या लीप दिवसासाठी आणखी एक दिवस वाढवला. ब्रिटनमध्ये आयकराचे वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते ते यामुळे.

स्वीडनची कथा ऐकाल तर हसाल. एकदम उडी नको, चाळीस वर्षे लीप दिवसच घ्यायचा नाही, म्हणजे हळूहळू पोहोचू, असे त्यांनी ठरवले. १७०० चा दिवस गाळला. मग युद्ध लागले आणि १७०४ व १७०८ मध्ये गाळायचे राहूनच गेले. आता स्वीडन ना जुन्यात ना नव्यात. कोणत्याही शेजाऱ्याशी तारीख जुळेना. शेवटी राजाने पुन्हा जुन्यात जायचे ठरवले आणि एक दिवस भरून काढण्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीला तीस दिवस दिले. ३० फेब्रुवारी! जन्मदाखल्यावर अशी तारीख दिसली तर आमचे लेखनिक तो दाखला परतच करतील.

रशियाने १९१८ मध्ये ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी आणला, म्हणून 'ऑक्टोबर क्रांती'चा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला येतो. अलास्का रशियाने अमेरिकेला १८६७ मध्ये विकला, तेव्हा तेथे शुक्रवार, ६ ऑक्टोबरनंतर शुक्रवार, १८ ऑक्टोबर आला. दोन शुक्रवार पाठोपाठ कसे? कारण रशियन सैबेरियाच्या बाजूने तेथे गेले होते आणि अमेरिकन उलट बाजूने. पृथ्वी गोल आहे, याचा हा हिशेब.

हा हिशेब प्रथम अंगावर आला तो मॅगेलनच्या खलाशांच्या. पाच जहाजांपैकी एक, 'व्हिक्टोरिया', पृथ्वीला वळसा घालून १५२२ च्या जुलैत केप व्हर्द बेटांपाशी आले. जहाजावर रोजनिशी लिहिणारा पिगाफेट्टा कधी आजारी पडला नव्हता आणि एक दिवस चुकला नव्हता. त्याच्या लेखी तो दिवस बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, गुरुवार. ही गोष्ट युरोपात मोठे आश्चर्य म्हणून गाजली. पण हमाचा अमीर आणि भूगोलवेत्ता अबुल फिदा याने तिच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, कोणीही पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नसताना, हे लिहून ठेवले होते : पश्चिमेकडून फिरून येणाऱ्याच्या हिशेबात एक दिवस कमी भरेल, पूर्वेकडून येणाऱ्याच्या एक जास्त. स्पॅनिश लोक फिलिपाईन्सला अमेरिकेकडून गेले, म्हणून त्या बेटांवर सव्वातीनशे वर्षे शेजाऱ्यांपेक्षा एक दिवस मागची तारीख चालली. ती जुळवण्यासाठी १८४४ चा ३१ डिसेंबर तेथे उगवूच दिला नाही. सामोआने अगदी अलीकडे, २०११ मध्ये, ३० डिसेंबर गाळला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून.

हे सगळे दूरदेशीचे झाले. पण आपल्या दप्तरांतही हाच गुंता आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला असे आपण पाठ करतो. ही तारीख इंग्रजांच्या जुन्या गणनेची. त्या वेळी मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन हा कंपनीचा वकील रायगडावर हजर होता, आणि त्याच्या लेखी तो ६ जूनच होता. गोव्यातील पोर्तुगीज नवी गणना वापरीत, त्यांच्याकडे त्याच दिवशी १६ जून होता. मुंबईचे आणि गोव्याचे कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर उत्तर पत्राच्या आधीच पोहोचलेले दिसेल. औरंगजेबाचा मृत्यू अहमदनगरजवळ झाला, त्याची तारीख काही पुस्तकांत २० फेब्रुवारी १७०७ आहे तर काहींत ३ मार्च. दोन्ही एकाच दिवसाची नावे. परीक्षेत यातल्या एका उत्तराला शून्य देऊ नये, अशी माझी शिक्षकबंधूंना विनंती आहे.

मराठी दरबारचे कारकून स्वतः काय लिहीत? त्यांच्या मोडी पत्रांत 'छ' म्हणजे चंद्र, आणि पुढे रमजान, सवाल, जिल्हेज असा हिजरी महिना येतो. वर्ष मात्र शुहूर सनाचे, आणि तेही आकड्यात नव्हे, अरबी शब्दांत. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, १०७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, की इसवी सन येतो. राज्याभिषेकाच्या वर्षाच्या पत्रांत हाच सन सापडतो. पेशवाईतही ही रीत चालू होती. आमच्या मदरशात शिकलेल्या मुलांना हे आकडे चटकन कळतात, ही एक गोष्ट; त्यांपैकी कोणी मोडी शिकून दप्तरखान्यात बसेल तर मला फार आनंद होईल.

हा शुहूर सन का काढावा लागला? हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ दिवसांचे. ते सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी वैशाखवणव्यात, आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. इबादतीला त्याची अडचण नाही. पण सारा पिकावर वसूल करायचा असतो, आणि पीक चंद्र पाहून येत नाही. म्हणून दख्खनमध्ये हिजरीचाच आकडा घेऊन वर्ष मृगावर सुरू करण्याची युक्ती काढली. लोक त्याला मृगसालच म्हणत. इ. स. १३४४ च्या सुमारास हिजरी आणि शुहूर यांचे आकडे जुळतात, त्यावरून तो तेव्हा सुरू झाला असावा असे संशोधक मानतात. अकबराच्या दरबारातही हाच विचार झाला. ३० सौर वर्षांत जवळजवळ ३१ चांद्र वर्षे बसतात. म्हणजे ३० पिके काढणाऱ्या रयतेकडून ३१ सारे मागायचे, हा जुलूम आहे, असे अबुल फजलने नोंदवले आहे. १५८४ मध्ये फतहुल्ला शिराझीने, जो आधी विजापूरच्या आदिलशाहीत होता, बादशहासाठी इलाही सन तयार केला. रोमची दुरुस्ती झाली त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

आता शाळेच्या कपाटाकडे येतो. कोणत्याही जुन्या मराठी वा उर्दू शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून अशी रांग दिसेल. बाप मुलाचा हात धरून येई, 'गेल्या मोहरमच्या आधीचा' किंवा 'मोठा पूर आला त्या सालचा' असे सांगे, आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. वय पाहून वर्ष टाकीत. पुढे त्यातील जे सरकारी नोकरीत गेले, ते ५८ वर्षे भरताच ३१ मे रोजी निवृत्त झाले. महाराष्ट्रात त्या एका दिवशी निवृत्त होणाऱ्यांचा इतका घोळका का असतो, याचे उत्तर या रजिस्टरात आहे.

मध्यंतरी एक वृद्ध गृहस्थ हजच्या पासपोर्टसाठी जुना दाखला मागायला आले. रजिस्टरात १ जून १९५२. ते म्हणाले, "सर, आई सांगायची, सत्ताविसाव्या रोजाच्या रात्री झालो. घरात आंब्याची आढी होती, पाऊस अजून लागला नव्हता." मी कागद घेऊन हिशेब केला. १९५२ मध्ये सत्ताविसावा रोजा २० जूनच्या आसपास येतो. कोकणात तेव्हा पाऊस लागलेला असतो. १९५३ मध्ये तो ९ जूनच्या सुमारास, म्हणजे तेही कठीण. १९५४ मध्ये मात्र मेच्या अखेरीस येतो, आणि तेथे आंबाही बसतो, कोरडे आभाळही. थोरल्या भावाच्या मागे मागे ते शाळेत आले असतील, तेव्हा वय सहा नसून चार असेल. २०१० मध्ये घरी बसले ते बहुधा २०१२ मध्ये बसायला हवे होते. दोन वर्षांचा पगार.

ते बराच वेळ माझ्या कागदाकडे पाहत होते. मग तो घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि दाखला मागितला. दाखल्यावर मी १ जून १९५२ च लिहिले. रजिस्टरात आहे त्याखेरीज दुसरी तारीख लिहिण्याचा मला अधिकार नाही.